कापडी डायपर घेताय? आधी वाळत घालायची जागा बघा

ओळखीत सध्या बऱ्याच घरी पाळणा हलायची तयारी चालू आहे आणि प्रत्येकीचा मला एकच प्रश्न, "ताई, कापडी डायपर कुठले घेऊ?" म्हणून एकदाच सविस्तर लिहिते.

कापडीच वापरा, यावर मी ठाम आहे. पण बाळ जन्मायच्या आधी महागड्या डायपरचा मोठा सेट मागवू नका, यावरही तितकीच ठाम आहे.

पहिले दीड-दोन महिने आपला साधा लंगोटच बरा. नवं बाळ दिवसाला दहा-बारा वेळा तरी ओलं करतं. फ्री साइझ डायपर कितीही आवळला तरी एवढ्याशा मांडीपाशी फट राहते आणि सगळं तिथूनच गळतं. नाळ सुकून पडेपर्यंत बेंबीवर काही घासायला नको. लंगोट खाली दुमडता येतो. पहिल्या दोन-तीन दिवसांची काळी, चिकट शी तर कापडाला धरूनच बसते, त्यासाठी नव्या डायपरचा बळी कशाला? आजीचं जुनं सुती लुगडं, आजोबांचं धोतर फाडा. धुऊन धुऊन मऊ झालेलं ते कापड दुकानात मिळत नाही. कमी पडलं तर मलमल घ्या. इचलकरंजी उशाला असताना आपण कोल्हापूरकरांनी सुती कापड ऑनलाइन शोधावं, हे मला पटत नाही. फक्त कोरं कापड चार-पाच वेळा धुतल्याशिवाय वापरू नका. खळ निघाली नाही तर ते पाणी शोषत नाही. आणि बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळू नका. गुडघे वाकलेले, मांड्या फाकलेल्या राहिल्या तर खुब्याच्या सांध्याला चांगलं.

मग पुढे टिच बटणांचे पॉकेट डायपर, म्हणजे आतल्या खिशात पॅड सरकवायचे, घ्या, पण थोडेच. आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट आठवा. पंचगंगा पात्राबाहेर, आठ-आठ दिवस उन्हाची तिरीप नाही. अशा दिवसांत आत जाड पॅड शिवलेला डायपर दोन दिवस दोरीवर राहतो. वरून हात लावला तर कोरडा वाटतो, मधली घडी दाबली की बोटाला गार लागतं, आणि तसाच बांधला की कुबट वास. म्हणून पॅड वेगळा निघतो तोच घ्या. त्याहून चांगलं म्हणजे बाहेरचं वॉटरप्रूफ कव्हर आणि आत घडी घातलेला सुती चौकोन. चौकोन उलगडला की एकपदरी, पंख्याखाली रात्रीत वाळतो. कव्हर मात्र शेगडीवर किंवा इस्त्रीखाली धरू नका, आतला थर सुटतो. मायक्रोफायबरचा, म्हणजे बारीक कृत्रिम धाग्याचा पॅड थेट कातडीला लागू देऊ नका, तो कातडीतलाही ओलावा ओढतो. कपडे मऊ करणारं सुगंधी लिक्विडही नको, त्यानं कापडाची शोषायची ताकद जाते. पिवळे डाग कडक उन्हात आपोआप फिके पडतात.

"धुण्यात पाणी-वीज जातेच की," असं हमखास ऐकवलं जातं. मुद्दा खरा आहे. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेचा 2008 चा अभ्यास हेच सांगतो, की सरासरी धरली तर कार्बनच्या हिशोबात कापडी आणि वापरून फेकायचे डायपर जवळपास सारखेच. पण मशीन भरून धुतलं, दोरीवर वाळवलं आणि तेच दुसऱ्या बाळाला वापरलं, तर कापडीचा भार सुमारे 40 टक्क्यांनी कमी होतो. दोरीवर वाळवणं आणि थोरल्याचं धाकट्याला घालणं आपल्या घरांना कुणी शिकवायला हवं का?

आता मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. कापडी डायपर घ्यायचं ठरवता तेव्हा घरात एकच प्रश्न विचारा, धुणार कोण? ओली बाळंतीण गार पाण्यात हात घालून बसणार असेल तर माझा या कापडीला विरोध आहे. शी झटकणं, भिजवणं, मशीनला लावणं, दोरीवर घालणं हे बाळाच्या बापाचं काम. त्याला दूध पाजता येत नाही, लंगोट पिळता येतो. सासूबाईंनी कौतुक नाही केलं तरी चालेल, अडवू मात्र नये.

प्रवासात, लग्नाकार्यात, कधी रात्री झोप मिळावी म्हणून वापरून फेकायचा डायपर लावलात तर मनाला लावून घेऊ नका. फक्त वेळेवर बदला. ओलं आणि शी कातडीला लागून राहिली की कापडी असो वा फेकायचा, दोन्हीत पुरळ येतं. आणि असा वापरलेला डायपर कागदात नीट गुंडाळून घंटागाडीत द्या, ओल्या कचऱ्यात नाही. 2016 च्या घनकचरा नियमांतही गुंडाळूनच द्या असं होतं. पुढे तो कुणाच्या तरी हाताखालून जातो.

माझ्याकडे काही कव्हरं अजून चांगली आहेत, मांडीचं इलॅस्टिक घट्ट आहे. राजारामपुरी-शाहूपुरीकडं कुणाला हवी असतील तर मेसेज करा, धुऊन, उन्हात वाळवून देते. आतले चौकोन मात्र तुमचे तुम्ही शिवा.