चिरंजीवांना व्हाइट हाऊसमध्ये पाठवायचंय? पालकांसाठी काही सूचना

अमेरिकेतल्या आपल्या लोकांचं एक बरं असतं. मूल पाळण्यात असतानाच त्याचं स्पेलिंग बी, मॅथ ऑलिम्पियाड, एमआयटी सगळं ठरून गेलेलं असतं. मग राष्ट्राध्यक्षपदानेच काय घोडं मारलंय? आपल्याला स्वतःला ते जमणार नाही, घटना आडवी येते. पण पोरगं किंवा पोरगी इथे जन्मलेली असली, पस्तिशी गाठली आणि चौदा वर्षं देशात काढली की घटनेचं समाधान होतं. बाकीची पात्रता घटनेत लिहिलेली नाही, ती टीव्हीवाले ठरवतात. तिची तयारी घरच्या घरी कशी करून घ्यायची ते मी सांगते. फी नाही.

मला हा अधिकार कुठून मिळाला? तर २०२४च्या निवडणुकीआधी मला टीव्हीवाल्यांनी इंडियन ग्रोसरीच्या दारात गाठलं. दर चार वर्षांनी आमच्या पेनसिल्वेनियासारख्या काठावरच्या राज्याचा मतदार म्हणजे श्रीमंताघरची उपवर मुलगी, जो उठतो तो बघायला येतो. माझ्या एका हातात तुरीच्या डाळीची दहा पौंडांची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबीर. माइकवाला मुलगा गोड होता. म्हणाला, या निवडणुकीत तुम्हाला महत्त्वाचं काय वाटतं? मी फार्मसीच्या काउंटरवर उभी असते, त्यामुळे मला हा प्रश्न विचारू नये. मी सुरू झाले. २०२२च्या कायद्याने मेडिकेअरवाल्यांना, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी विम्यातल्यांना, इन्सुलिन महिन्याला ३५ डॉलरच्या वर पडत नाही, पण पासष्टीच्या आतल्या माणसाला ती मर्यादा लागू नाही, तो अजून माझ्यासमोर पाकीट उघडतो, आत बघतो आणि मिटतो. याचं पुढे काय करणार, हे ट्रम्प आणि हॅरिस या दोघांना कोणी नीट बसवून का विचारत नाही? पोरगा मान डोलवत होता. मग म्हणाला, "त्या दोघांपैकी कोणाबरोबर बसून बिअर प्यायला आवडेल?" मी म्हटलं, "मी बिअर पीत नाही," आणि हसले.

रात्री बातम्यांत काय दिसलं असेल? मी, तुरीची डाळ आणि "मी बिअर पीत नाही". खाली पट्टी: मतदार अजूनही संभ्रमात. मी मतपत्रिका भरून, सही करून, केव्हाच पोस्टात टाकली होती हो!

तर पहिला धडा बिअरचा. २०००च्या निवडणुकीत ज्याच्याबरोबर बिअर प्यावीशी वाटते तो उमेदवार कोण, तर जॉर्ज बुश, असं इथल्या पंडितांनी ठरवून टाकलं. या गृहस्थांनी १९८६ सालीच दारू सोडलेली. १९७६मध्ये पिऊन गाडी चालवताना पकडले गेले होते, ते मतदानाच्या पाच दिवस आधी उजेडात आलं. इतकी वर्षं ते त्यांनी स्वतःहून सांगितलं नव्हतं. पण अप्रामाणिक कोण ठरलं? त्यांचे प्रतिस्पर्धी अल गोर. का, तर म्हणे याने "इंटरनेटचा शोध मीच लावला" अशी बढाई मारली. त्यांचं मूळ वाक्य होतं, की काँग्रेसमध्ये (म्हणजे इथल्या संसदेत) असताना इंटरनेट उभं करण्यात मी पुढाकार घेतला. १९९१च्या ज्या कायद्याने त्या कामाला पैसा मिळाला, तो गोरनीच आणलेला. ज्यांच्या डोक्यातून ते तंत्र निघालं त्या विंट सर्फ आणि बॉब कान यांनी गोरच्या बाजूने लिहूनसुद्धा दिलं. ते कोणाला वाचायला वेळ होता? सगळे गोरचे सुस्कारे मोजत बसले होते. पहिल्या डिबेटमध्ये बुश बोलत असताना गोर मोठ्याने सुस्कारे टाकत होते, त्यावर आठवडाभर चर्चासत्रं झाली. निकाल फ्लोरिडात ५३७ मतांवर लागला. म्हणून आपल्या बाळाला आत्तापासून नाकाने हळू श्वास घ्यायची सवय लावा. प्राणायाम आपल्याकडे आहेच.

कर वाढवावे लागतील, असं बाळाने चुकूनही म्हणू नये. १९८४मध्ये वॉल्टर मॉन्डेल सॅन फ्रान्सिस्कोच्या अधिवेशनात भर व्यासपीठावर म्हणाले, की रेगन कर वाढवतील आणि मीही वाढवीन. ते तुम्हाला सांगणार नाहीत, मी सांगितलं. पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यांनी त्यांना घरी बसवलं, फक्त स्वतःचं मिनेसोटा पदरात पडलं. चार वर्षांनी थोरल्या बुशनी "माझे ओठ वाचा, नवे कर नाहीत" असं सांगून चाळीस राज्यं जिंकली, आणि १९९०मध्ये कर वाढवले. धडा समजला ना? आधी निवडून या.

टँकमध्ये बसू नये. १९८८मध्ये उमेदवार मायकेल डुकाकिस बसले, देश हसला.

बर्फात उभं राहून रडू नये. डोळ्यांतलं पाणी आणि वितळलेला बर्फ यांतला फरक वार्ताहरांना कळत नाही, १९७२मध्ये उमेदवार एडमंड मस्कींच्या वेळी कळला नव्हता.

ओरडू तर अजिबात नये. २००४च्या जानेवारीत आयोवात पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या मतदानात तिसऱ्या क्रमांकावर आलेल्या हॉवर्ड डीननी कार्यकर्त्यांच्या गोंगाटात आवाज चढवला. हातातला माइक असा, की भोवतालचा गोंगाट गाळून फक्त बोलणाऱ्याचाच आवाज पुढे जाई. सभागृहात होते त्यांना काही वावगं वाटलं नाही. घरी टीव्हीवर मात्र एक वेडा माणूस एकटाच किंचाळताना दिसला. वाहिन्यांनी ते शेकडो वेळा दाखवलं. माइकचा खुलासा मागाहून झाला, डीन घरी गेल्यावर.

प्रश्नाला उत्तर देऊ नये. हा धडा दोन्ही पक्षांकडे उत्तम शिकवतात. कमला हॅरिसना विचारलं, की चार वर्षांपूर्वीपेक्षा आज लोकांची स्थिती बरी आहे का? त्यांनी सांगितलं, मी मध्यमवर्गीय घरात वाढले. बरं झालं बाई, आम्हीही. पण महागाईचं काय? २०२४च्या जुलैमध्ये उमेदवारी हातात आली आणि पहिली मोठी मुलाखत महिन्याहून जास्त काळाने, तीही शेजारी त्यांचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ बसलेले. आणि बायडन? त्यांच्या अडखळण्याच्या चित्रफिती फिरायला लागल्या तेव्हा व्हाइट हाऊसने सांगितलं, की त्यात काही नाही, कापाकापी केलेली आहे. २७ जूनला अटलांटातल्या डिबेटमध्ये दीड तास कोणीच काही कापलं नाही. मग जे काही दिसलं ते अख्ख्या देशाने एकदम पाहिलं. त्यांना रोज जवळून बघायचा पगार घेणाऱ्यांनाही तेव्हाच दिसलं म्हणे!

आता मुख्य धडा. यावर वही काढा. खोटं बोलायचं तर आकार बघून बोला. लहान खोटं महागात पडतं. १९८७मध्ये बायडननी ब्रिटनच्या नील किनॉकचं भाषण आपलं म्हणून वापरलं आणि शर्यतीतून बाहेर पडावं लागलं. हिलरी क्लिंटन म्हणाल्या, १९९६मध्ये बोस्नियात विमानातून उतरताना आमच्यावर गोळीबार चालू होता. चित्रफितीत एक छोटी मुलगी त्यांना कविता वाचून दाखवताना निघाली. आयुष्यभर ते चिकटलं. वॉल्झ हाँगकाँगला नेमके कधी होते हे चुकीचं सांगून बसले, तर डिबेटमध्ये "मी कधीकधी मठ्ठपणा करतो" म्हणायची पाळी आली. या सगळ्यांची चूक काय? त्यांना लाज वाटली. लाज दिसली की वार्ताहराला चढायला पायरी मिळते.

मोठं खोटं बोला, आणि लाजू नका. २०२४च्या १० सप्टेंबरचं फिलाडेल्फियाचं डिबेट आठवतंय? आमच्याकडे गणपती बसलेले होते. रात्री आरती झाल्यावर प्रसादाच्या वाट्या घेऊन सगळे टीव्हीसमोर, आणि पडद्यावर ट्रम्प सांगतायत, की ओहायोच्या स्प्रिंगफील्डमध्ये बाहेरून आलेले लोक कुत्री खातायत, मांजरं खातायत. सूत्रसंचालकाने तिथल्या तिथे सांगितलं, की नगर व्यवस्थापक म्हणतात असा एकही विश्वासार्ह प्रकार नाही. दुसऱ्या दिवशी चर्चा कशावर? दोन सूत्रसंचालक आणि हॅरिस मिळून डिबेट तीन विरुद्ध एक झालं का, यावर! इकडे स्प्रिंगफील्डमध्ये बॉम्बच्या धमक्यांनी शाळा रिकाम्या कराव्या लागल्या, इस्पितळं, नगरपालिका. ट्रम्पच्याच पक्षाच्या गव्हर्नरला शाळांवर पोलीस पाठवावे लागले. ज्या मांजरीवरून एका बाईने शेजाऱ्यांविरुद्ध तक्रार केली होती ती मांजर तिच्याच तळघरात सापडली. आणि ट्रम्पचे उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स, जे तेव्हा त्याच ओहायोचे सिनेटर होते, ज्यांची ती मुलं, ज्यांच्या त्या शाळा, ते सीएनएनवर येऊन म्हणतात, की माध्यमांनी लोकांच्या हालाकडे लक्ष द्यावं म्हणून मला गोष्टी निर्माण कराव्या लागत असतील तर मी करीन. निर्माण! हे कॅमेऱ्यासमोर, दिवसाढवळ्या. आणि पंधरा दिवसांनी उपराष्ट्राध्यक्षपदाच्या डिबेटमध्ये सूत्रसंचालकांनी एक वाक्य दुरुस्त केलं तर हेच गृहस्थ चिडतात, तुम्ही फॅक्ट चेक करणार नाही असं ठरलं होतं ना! ठरलेलंच होतं. वाहिनीनेच तसं जाहीर केलं होतं. तपासायचं नाही असं ठरवून दीड तास प्रश्न विचारायचे, याला ही मंडळी पत्रकारिता म्हणतात.

वॉशिंग्टन पोस्टने ट्रम्पच्या चार वर्षांतले खोटे किंवा दिशाभूल करणारे दावे मोजले, ३०,५७३ भरले. मोजणाऱ्याला दंडवत. पण त्या आकड्याचं पुढे काय झालं? चौकटीत छापून आला. मुख्य बातमीत तेच, "दाव्यावरून वाद", "दोन्ही बाजूंच्या फैरी". एक म्हणतो पाऊस पडतोय, दुसरा म्हणतो नाही, आणि आमचा वार्ताहर दोघांची वाक्यं शेजारीशेजारी लावून घरी जातो. अरे, खिडकीतून हात बाहेर काढ की!

आता २०२४च्या २० ऑक्टोबरचंच घ्या. आमच्या शेजारच्या बक्स काउंटीत, फीस्टरविलला, ट्रम्पनी मॅकडोनाल्डमध्ये एप्रन घालून फ्राइज भरले. हॅरिस तरुणपणी मॅकडोनाल्डमध्ये काम केल्याचं सांगतात ते खोटं आहे, हे सिद्ध करायला. ट्रम्पकडे पुरावा शून्य. दुकान त्या वेळी लोकांसाठी बंद होतं, खिडकीशी येणारी गिऱ्हाइकं आधी निवडलेली. म्हणजे खोटं ठरवायला खोटं दुकान. आणि दिवसभर प्रत्येक वाहिनीवर काय? मीठ कसं घातलं, एप्रन कसा शोभला!

हे आजचं नाही. २०१६च्या मार्चमध्ये बर्नी सँडर्स भाषण करत होते आणि वाहिन्या ट्रम्प अजून न आलेल्या रिकाम्या व्यासपीठावर कॅमेरा लावून बसल्या होत्या. त्याच वर्षी सीबीएसचे प्रमुख लेस मूनव्हेस यांनी सांगून टाकलं, की हे अमेरिकेसाठी चांगलं नसेल, पण सीबीएससाठी फारच चांगलं आहे. त्या शरद ऋतूत न्यूयॉर्क टाइम्सने सहा दिवसांत हिलरीच्या ईमेलवर पहिल्या पानावर इतक्या बातम्या छापल्या, जितक्या मतदानाआधीच्या ६९ दिवसांत सगळ्या धोरणांवर मिळून छापल्या होत्या. आरोग्य, कर, युद्ध, हवामान, सगळं धरून.

बास झालं. मला आता पुढचा धडा सुचत नाही, आणि सुचला तरी सांगायचा नाही. वार्ताहरांनो, तुम्हाला लाज कशी वाटत नाही? तुमच्यातल्या कोणी तुरुंगवास भोगून बातमी दिली म्हणून तुम्हाला घटनेच्या पहिल्या दुरुस्तीचं कवच आहे, आणि तुम्ही त्या कवचाआडून नेकटायचा रंग विचारता. खोटं बोलणाऱ्याला खोटा म्हणायला तुम्हाला "पुराव्याविना" असा पडदा लावावा लागतो. २५ ऑक्टोबर २०२४ला वॉशिंग्टन पोस्टने सांगितलं, की यंदा आम्ही कोणालाही पाठिंबा देत नाही. नका देऊ, तुमची मर्जी. पण इतकी वर्षं देत होतात, आणि तत्त्व आठवलं ते मतदानाला अकरा दिवस उरल्यावर? संपादक मंडळींनी मजकूर तयार केलेला, आणि मालकाने थांबवला. रोजच्या पहिल्या पानावर मात्र "अंधारात लोकशाही मरते" छापून येतंच आहे.

आणि आपणही काही सोवळे नाही. ट्रम्प सभेत चाळीस मिनिटं नाचतात म्हणून बघतो, हसतो, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतो, आणि मग "सगळेच तसले" म्हणून हात झटकतो. सगळे तसले नाहीत. कोण किती खोटं बोलतो हे मोजलेलं आहे, छापलेलं आहे, वाचा. आणि ज्यांनी पोस्टाने पाठवलं नसेल त्यांनी मतदानाच्या दिवशी जाऊन मत द्या. पेनसिल्वेनियात केंद्रं रात्री आठला बंद होतात; आठच्या आत रांगेत उभे असाल तर कोणी परत पाठवू शकत नाही.