पांढऱ्या दगडाच्या डावीकडे

आमच्या साळ्याला पक्ष्यांचा नाद लागला तेव्हापासून हिवाळ्यातले माझे रविवार गेले ते गेलेच. नागपुरात पहाटे पारा आठ-नऊवर आलेला, शहाणी माणसं रजईत, आणि आम्ही कानटोपी-मफलर करून दिघोरीवरून उमरेड रोडला लागलेले, कारण पारडगावच्या तलावावर म्हणे पट्टकादंब उतरले. हे पक्षी तिबेट-मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात, सात हजार मीटरच्या वर उडताना त्यांची नोंद झालेली आहे, आणि बरोब्बर तलावावर येतात. आम्हाला मात्र साळ्याचा मॅप दरवेळी कोणाच्या तरी गोठ्यात नेतो.

थंडीचं काही नाही, थंडी सहन होते. खरा छळ म्हणजे "दिसला का?"

"भाऊजी, ती वाळलेली बाभूळ दिसून राहिली का?"

त्या काठावर बाभळीच बाभळी, त्यातल्या अर्ध्या वाळलेल्या.

"तिच्या खाली पांढरा दगड, दगडाच्या थोडं डावीकडे, तलवार बदक. नर आहे नर!"

मी दुर्बीण लावतो. चष्म्यावर वाफ, दुर्बिणीवर वाफ, दोन्ही मफलरनं पुसायचं, पुन्हा लावायचं, चाक फिरवायचं, बाभूळ सापडली, दगडही सापडला, आता डावीकडे सरकणार तेवढ्यात दगडानं पंख पसरले आणि उडून गेला. बगळा होता.

"आता दगडाच्या..."

"दगड गेला ना बाप्पा!"

मला न सांगता दिसतात ते वारकरी, म्हणजे त्या नावाचे पाणपक्षी. पण साळ्याच्या मंडळीत वारकऱ्याला काडीची किंमत नाही, "वारकरीच आहेत, सोडा" म्हणतात. का सोडा? काळाकुळकुळीत अंग, पांढरीशुभ्र चोच थेट कपाळापर्यंत चढलेली, बुडी मारून गवत वर काढतो आणि शेजारचा ते हिसकून पळतो, उडायचं झालं तर आधी पाण्यावर फडफड धावून घेतो. पूर्ण पिक्चर आहे तो. पण मंडळींना पाहिजे लांबवरची तपकिरी बदकीण, ती थापट्याची मादी की भुवई बदकाची यावर अर्धा तास, थर्मासमधला चहा गार होईपर्यंत. माझं मत विचारलं तर मी "चोचीवरून सांगा" म्हणतो, हे वाक्य कधीच वाया जात नाही.

एवढ्यात पाळीवरून एक शेतकरी दादा आले. "काय पाहून राहिले जी?"

साळ्यानं मोबाईलवर पट्टकादंबाचा फोटो दाखवला, डोक्यावर दोन काळे पट्टे, करडं अंग.

"हे होय? मंग तिकडं काऊन पाहून राहिले, इकडं पाहा ना, मांगं!"

सगळे लेन्स तलावाकडे, आणि आमच्या पाठीमागं पाळीच्या पल्याड अख्खा थवा माना खाली घालून दादांच्या हरभऱ्यात. हे रात्री-पहाटे शेतात चरतात आणि दिवसा पाण्यावर आराम करतात, हे मंडळींना पाठ होतं बरं, पण शेताकडं कोणी वळून पाहिलं नाही. साळ्यानं लगेच हातमोजे काढले आणि मोजून मोजून अ‍ॅपमध्ये आकडा टाकायला लागला.

"लिहूनच राहिले तर माह्या हरभऱ्याचंही लिहा जी, किती खाल्ला ते."

साळा म्हणाला, तसा कॉलम नाही.