काड्या

आम्हाला हवे होते 14,600 रुपये. तेवढ्या पैशांत आमचा कॉलेजचा क्लब चार जिल्हा परिषद शाळांमध्ये जाणार होता आणि 160 पोरांकडून आइस्क्रीमच्या काड्यांचे पूल बांधून घेणार होता. चौघांत एक पूल, एका पुलाला 60 काड्या, म्हणजे 2,400 काड्या. शिवाय फेविकॉल, पार्ले-जी आणि आम्हा आठ जणांचं एसटीचं भाडं. सगळा हिशेब माझ्या वहीच्या मागच्या पानावर मावला होता.

गणपतीत एवढी वर्गणी दोन गल्ल्यांत जमते. पण आमच्या अध्यक्षाला कुठून तरी कळलं की 5 कोटींचा निव्वळ नफा असला की कंपनीला गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले 2 टक्के समाजासाठी खर्चावेच लागतात (याला सीएसआर म्हणतात), तसा 2013 चा कायदाच आहे. झालं! गावोगावच्या कंपन्या पैशांच्या पिशव्या घेऊन गरजू माणूस शोधत फिरतायत, असं चित्र आमच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं.

पहिल्याच कंपनीतल्या मॅडमनी फोनवर विचारलं, ‘‘तुम्ही कोण?’’

‘‘विद्यार्थ्यांचा क्लब.’’

‘‘ते झालं. कायद्याने कोण? ट्रस्ट, सोसायटी, सेक्शन आठ? बारा-ए आहे? ऐंशी-जी? सीएसआर-वन?’’

आमच्याकडे एक बॅनर, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि घोडा तुटलेली ग्लू गन होती. शेवटी कॉलेजच्या मूळ संस्थेकडे ही नोंदणीची आणि करसवलतीची सगळी कागदपत्रं सापडली. ती मागायला अर्ज, अर्जावर सरांची सही, सहीवर प्राचार्यांची सही आणि त्यावर जावक क्रमांक. अकाउंट्समधल्या काकांनी अर्ज नाकासमोर धरून मोठ्यांदा वाचला आणि पलीकडच्या टेबलाला सांगितलं, ‘‘ऐका! इंजिनियरिंगची पोरं काड्या करायला पैसे मागतायत.’’

तेव्हापासून आख्ख्या ऑफिसात आमचं नाव ‘काड्यावाले’.

एवढं करून कंपनीचा ऑनलाइन फॉर्म उघडला, तर 5 लाखांच्या खालची रक्कम तो घेईचना. अध्यक्ष म्हणाला, ‘‘मग 5 लाखांचे पूल बांधू.’’ मी गुणाकार केला. सगळं पस्तीस पट. शाळा 140, काड्या 84,000. आठांपैकी तिघांच्या केट्या, म्हणजे नापास झालेले विषय, राहिल्या होत्या. पुलांचा विषय तिथेच बुडाला.

मग कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांची एक छोटी योजना सापडली, जास्तीत जास्त 15,000 रुपयांची. आनंदाने फॉर्म उघडला. फॉर्म अकरा पानी! कुठल्यातरी बड्या देणगीदाराचा जसाच्या तसा उचललेला असणार, कारण चौथ्या पानावर ‘परदेशी चलनातील इतर निधी’ असा रकाना होता. आम्ही ‘लागू नाही’ लिहिलं. हे लिहितानाही जरा मोठं झाल्यासारखं वाटलं.

‘अप्रत्यक्ष लाभार्थी’ या रकान्यावर एक रात्र गेली. पोरांचे आईबाप धरले, भावंडं धरली, एकाने आज्या धरल्या. पुलावरून जाणारे धरायचे का, यावर मतदान झालं. संयुक्त राष्ट्रांच्या 17 शाश्वत उद्दिष्टांपैकी आपली कोणती, असा पुढचा प्रश्न. शिक्षण हे चौथं, ते ठीक. पण अध्यक्षाने चौदाव्यावरही खूण केली: पाण्याखालचं जीवन. म्हणे, पूल पाण्यावरच असतो ना? ‘निर्गमन धोरण’ म्हणजे काय ते कुणालाच कळेना, म्हणून मी लिहिलं, ‘शेवटची एसटी सव्वापाचला’.

आणि तीन कोटेशनं. काड्यांची! स्टेशनरीवाल्याकडे गेलो तर त्याने चष्मा वर करून एवढंच विचारलं, ‘‘मंजूर कुणाचं करायचंय? माझं ना?’’ आणि खणातून तीन वेगवेगळी लेटरहेडं काढली. एक त्याचं, एक मेव्हण्याचं आणि एक अशा दुकानाचं, जे माझ्या माहितीप्रमाणे आता सलून आहे.

तीन महिन्यांनी मंजुरी आली. रक्कम 10,000. पार्ले-जी आम्ही पदरचे घेतले.

पहिल्या शाळेत मी फळ्यावर चौकोन काढला, तो कसा लडबडतो ते चार काड्यांनी दाखवलं, मग आडवी तिरकी काडी चिकटवून त्रिकोण केले आणि छातीठोकपणे म्हणालो, ‘‘याला ट्रस म्हणतात.’’ सातवीतली एक मुलगी उठून उभी राहिली. ‘‘सर, ही तर कैची. आमच्या घराच्या पत्र्याखाली आहे. बाबांनीच मारलीय.’’ आणि दोन बाकांमध्ये पूल ठेवून तिने त्यावर बालभारतीची पुस्तकं रचायला सुरुवात केली. आमचा नमुन्याचा पूल चौदाव्या पुस्तकाला गेला होता. तिचा बावीसला करकरला आणि तेविसाव्याला कडाडकन मोडला. टाळ्या अशा पडल्या की शेजारचा वर्ग खिडकीत आला. अकरा पानांत याला रकाना नव्हता.

मार्चमध्ये विनियोग प्रमाणपत्र, म्हणजे पैसे कुठे खर्चले त्याचा दाखला, पाठवलं, बिलं जोडली. आठवड्यात अकाउंट्समधल्या काकांचा निरोप. ‘‘2,400 काड्या घेतल्या. शिल्लक?’’

‘‘शून्य. पुलात गेल्या.’’

‘‘मग डेडस्टॉकला, टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, पूल दाखवा. 40.’’

‘‘मोडले, काका. मोडायचेच होते.’’

काकांनी पेन खाली ठेवलं. ‘‘मोडल्याचं पत्र आणा.’’

म्हणून परवा पुन्हा एसटीने त्या शाळेत गेलो आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर मजकूर लिहून काढला: ‘प्रमाणित करण्यात येते की, सदर पूल बालभारतीच्या 23 पुस्तकांच्या भाराखाली आमच्या समक्ष मोडला.’ गुरुजींनी तो दोनदा वाचला, गंभीरपणे सही केली आणि गोल शिक्का शाईत दाबता दाबता विचारलं, ‘‘पुस्तकं कुठल्या इयत्तेची, ते नको का लिहायला?’’