मेणबत्तीच्या किटला मिळालेल्या दोन ताऱ्यांबद्दल

नमस्कार ताई,

तुम्ही आमचे 500 ग्रॅम मधमाशांच्या मेणाचे किट घेऊन, मेण लोखंडी कढईत थेट गॅसवर वितळवून, 7 सेंटीमीटर रुंद काचेच्या ग्लासात मेणबत्ती केलीत. वातीभोवती विहीर पडून ज्योत विझते, पेटवली की तडतडते, मधाचा वास नाही, आणि आठ दिवसांत वर पांढरी भुकटी आली, म्हणजे मेणात भेसळ आहे, असे तुम्ही दोन तारे देताना अभिप्रायात लिहिले आहे. विहीर पडली ती आमच्यामुळे. भेसळीचे म्हणणे मात्र मान्य नाही.

आधी वात. किटमधली वात 2.2 सेंटीमीटर जाडीच्या कांड्यांसाठी आहे. तेवढ्या मेणात 20 सेंटीमीटर उंचीच्या सहा कांड्या होतात. मधमाशांचे मेण 62 ते 64 अंश सेल्सिअसला वितळते आणि पातळ झाल्यावरही पॅराफिनपेक्षा दाट राहते, वातीतून सावकाश चढते. म्हणून त्याच रुंदीला पॅराफिनपेक्षा जाड वात लागते. बारीक वातीची ज्योत कडेपर्यंत पोचत नाही, मधल्या मधे खाली उतरत जाते आणि शेवटी स्वतःच वितळवलेल्या मेणात बुडते. रुंद ग्लासाला ही वात चालणार नाही, हे किटमधल्या पत्रकावर छापायला हवे होते. ते राहिले.

तडतडीचे कारण वेगळे आहे. सुगंधासाठी दोन चमचे गुलाबजल घातल्याचे तुम्हीच लिहिले आहे. गुलाबजल म्हणजे पाणीच, ते मेणात मिसळत नाही. थेंब अडकून राहतात आणि ज्योतीजवळ आले की वाफ होऊन उडतात. वास हवाच असेल तर तेलात विरघळणारा सुगंध घ्या, तोही 100 ग्रॅम मेणाला 3 ग्रॅमपेक्षा जास्त नको. खरे तर या मेणाला वरून वास लावायची गरजच नसते.

तो मूळचा वास गेला तो गॅसवर. लोखंडी कढईत थेट आचेवर मेण वितळवले की तळाचा थर भलताच तापतो. 85 अंशांच्या वर रंग काळवंडू लागतो, मधाचा वास उडतो. लोखंड, तांबे, पितळ यांनी रंग आणखी बिघडतो. आगीचा धोका आहे तो निराळाच. रुंद पातेल्यात पाणी, त्यात स्टीलचे भांडे, आच मंद, इतकेच करायचे. मेणाने कधी पेट घेतलाच तर गॅस बंद करून झाकण ठेवा, पाणी अजिबात ओतू नका.

आता पांढरी भुकटी. मेणातले मऊ, लवकर वितळणारे घटक हळूहळू पृष्ठभागावर येतात, थंडीत जास्तच. हेअर ड्रायरची गरम हवा मारा किंवा मऊ कापडाने चोळा, जाते. बुरशी किंवा धूळ गरम हवेने अशी विरघळत नाही. निव्वळ पॅराफिनवर असा थर सहसा येत नाही. अर्थात भुकटी आली म्हणजे मेण शंभर टक्के शुद्ध, असेही नाही. थोडे पॅराफिन मिसळलेल्या मेणावरही ती येऊ शकते. खात्री प्रयोगशाळेतच होते, आम्लांक (मेणातल्या आम्लाचे प्रमाण) आणि साबणीकरणाच्या धूसरतेच्या चाचणीने, म्हणजे मेण अल्कलीत उकळून गार करताना द्रावण कोणत्या तापमानाला गढूळ होते ते बघून.

किंमत पॅराफिनच्या कितीतरी पट आहे, हे खरेच. एक किलो मेण स्रवायला मधमाशांना साधारण 6 ते 8 किलो मध खावा लागतो. या मेणबत्तीने हवा शुद्ध होते असला दावा आम्ही पाकिटावर करत नाही, आणि तुम्हीही त्यासाठी घेऊ नका. वात लांब ठेवली तर हीसुद्धा काजळी धरते.

तुमचे मेण वाया गेलेले नाही. ग्लास कोमट पाण्यात ठेवून पाणी हळूहळू तापवा. गार काच एकदम उकळत्या पाण्यात घातली तर तडकेल. जुनी वात काढून मेण पाण्यावर ठेवलेल्या स्टीलच्या भांड्यात वितळवा, मलमलच्या कापडातून गाळा आणि भांड्यातच पूर्ण गोठू द्या. मेण पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे गुलाबजल खाली बसेल. वडी काढा, तळ पुसून गाळ खरवडा, कोरडी करून पुन्हा वितळवा.

नवी वात आधी वितळलेल्या मेणात बुडवा, बुडबुडे थांबले की काढून सरळ ताणून वाळवा. ग्लास कोमट करून घ्या, मेण 70 ते 75 अंशांना ओता, वर कापड टाकून सावकाश निवू द्या. पंख्याखाली नको, फ्रीजमध्ये तर नकोच, तडे जातात. गोठताना मेण आक्रसते आणि वातीभोवती खळगा पडतो, त्यासाठी थोडे मेण मागे ठेवून नंतर भरा. पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वात 6 मिलीमीटर ठेवा आणि मेण कडेपर्यंत वितळेपर्यंत, म्हणजे साधारण तीन तास, विझवू नका.

7 सेंटीमीटरच्या ग्लासासाठी चौकोनी विणीची जाड सुती वात दोन आकारांत पाठवतो, पैसे नकोत. आधी दोन्हींतली बारीक लावून बघा. तरी कडेला मेणाची जाड भिंत राहिली तर पुढच्या ग्लासाला दुसरी. ऑर्डर क्रमांक तेवढा मेसेजमध्ये कळवा.