गुडघ्याला बाशिंग ठीक, पण डोळे?

आमच्या गुहागरकडच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक निरोप फिरला. म्हणे, झोपेच्या घड्याळाचा डोळ्यांशी संबंध नाही, उजेड कातडीला कळतो. गुडघ्यामागे प्रकाश टाकला की घड्याळ सरकतं, हे अमेरिकेत सिद्ध झालंय. निळा प्रकाश विष, तेव्हा दिवसभर पिवळा चष्मा लावा. आणि पावसाळ्यात ऊन नसतंच, तर घरातली ट्यूब पुरे. खाली जोडलेल्या हातांची रांग. आत्येने तर दुसऱ्याच सकाळी पिवळा चष्मा लावून, पायरीवर पाय पसरून फोटो टाकला.

गुडघ्याची गोष्ट अगदीच हवेतली नाही. १९९८ साली 'सायन्स'मध्ये तसा प्रयोग खरंच छापून आला होता. पण २००२ साली त्याच नियतकालिकात हार्वर्डच्या संशोधकांचा प्रयोग आला. डोळ्यांपर्यंत उजेड पोचू न देता त्यांनी गुडघ्यामागे झगझगीत प्रकाश टाकला. घड्याळ तसूभरही हललं नाही. पहिली बातमी अजून फिरतेय, दुसरी कुणी पुढे ढकलत नाही.

आता कातडी. मेलॅनॉप्सिन हे उजेड ओळखणारं प्रथिन इग्नासियो प्रोव्हेन्सिओ यांना १९९८ मध्ये पहिल्यांदा सापडलं ते कातडीतच, पण बेडकाच्या. माणसात ते २००० साली सापडलं डोळ्यात, दृष्टिपटलाच्या आतल्या थरात, तेही मोजक्या पेशींत. दोन वर्षांनी डेव्हिड बर्सन आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं की या पेशींना उजेड कळायला दंडपेशी-शंकूपेशींची (ज्यांच्यामुळे आपल्याला दिसतं त्यांची) मदत लागत नाही. दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात, त्याच्या जरा वर मेंदूत सुमारे वीस हजार पेशींचा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. दृष्टिपटलातल्या त्या मोजक्या पेशींचे तंतू थेट तिथे जातात. (उंदराच्या कातडीत न्यूरोप्सिन नावाचं दुसरं प्रथिन कातडीपुरतं घड्याळ लावतं. मुख्य घड्याळाला त्याचा उपयोग नाही.)

दंड आणि शंकू नसलेले उंदीरही दिवस-रात्र पाळतात. डोळेच काढले, तर पाळत नाहीत. नुसतं मेलॅनॉप्सिन काढलं तरी घड्याळ जमेल तसं लागतं, कारण दंड-शंकूंचा निरोपही त्याच पेशींमधून पुढे जातो. तिन्ही बंद केली की घड्याळ उजेडाला दाद देत नाही.

आमच्या मोठ्या काकांची नजर रेटिनायटिस पिग्मेंटोसाने, म्हणजे दंड-शंकू झिजवणाऱ्या आजाराने गेली. पडवीत बसून ते "उजाडलं गो" म्हणतात, आणि खरंच उजाडलेलं असतं. एकट्या काकांवरून काही सिद्ध होत नाही, शेजारचा कोंबडाही तेव्हाच आरवतो. पण १९९५ साली चार्ल्स झायस्लर यांच्या गटाने काही दृष्टिहीनांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकला, तेव्हा त्यांच्यातल्या तिघांचं रक्तातलं मेलॅटोनिन (रात्री वाढणारं, उजेडाने उतरणारं संप्रेरक) उतरलं. त्यातल्या दोघांचे डोळे झाकून पाहिलं, तर उतरलं नाही. म्हणजे दिसत नसलेला डोळाही घड्याळाच्या कामाचा असू शकतो. निरोपाच्या नेमकं उलट.

चष्म्याचं अर्धंच चुकलंय. मेलॅनॉप्सिन सगळ्यात जास्त जागं होतं ते ४८० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्यालाच. पण माणसाचं घड्याळ मुळात चोवीस तासांहून जरासं लांब, सरासरी २४.२ तासांचं. ते रोज थोडं मागे पडतं, त्याला पुढे ओढावं लागतं, आणि ते काम सकाळच्या उजेडाचं. तोच उजेड रात्री मिळाला, तर घड्याळ आणखी रेंगाळतं. तेव्हा पिवळा चष्मा लावायचाच तर रात्री. दिवसा लावणं म्हणजे घड्याळाला किल्ली द्यायच्या वेळीच हात बांधून ठेवणं.

आणि ट्यूब? परवा आभाळ गच्च भरून कोसळत असताना मोबाईलवरच्या लक्समापकाने घरभर उजेड मोजला. माजघरात ट्यूबखाली ८५ लक्स, पडवीत १,४००, अंगणात हात बाहेर काढून धरला तर ६,००० च्या वर. मोबाईलचं माप काही प्रयोगशाळेतलं नाही, थोडंफार इकडेतिकडे होईल. पण आपला डोळा इतका सरावतो की माजघर आपल्याला नुसतं "जरा अंधारं" वाटतं. घड्याळाच्या पेशी मात्र उजेडाची गोळाबेरीज करत बसतात. ऊन नसलं तरी आभाळ असतंच की.

तेव्हा आत्ये, पायरी सोडू नकोस, जागा बरोबर आहे. पाय पसर नाहीतर मांडी घाल. सकाळी तो चष्मा तेवढा काढून ठेव.