एअर इंडियाखाली भेट

आज नरिमन पॉइंटला काम होतं. भाच्याला मेसेज टाकला, सुटलास की एअर इंडियाखाली भेट, चहा पिऊ. त्याचा रिप्लाय काय, तर "मावशी, एअर इंडिया दिल्लीला गेली ना? लोकेशन टाक." पुढे दोन हसरे इमोजी. पोरगा मुंबईत जन्मलाय, बीकेसीत नोकरी करतो, आणि त्याला एअर इंडियाखाली म्हणजे इथल्या एअर इंडिया बिल्डिंगखाली, हे कळत नाही! टाकलं लोकेशन, करते काय.

आला, मान वर करून बघितलं आणि म्हणे, "हीच का? ही पाडली तर आरामात साठ मजली उभी राहील की इथे."

तेव्हापासून डोकं फिरलंय.

मी सात वर्षांची असताना मरीन ड्राइव्हला हरवले होते. बाबांचं ऑफिस त्याच भागात, त्यामुळे रविवारीसुद्धा आम्हाला तिकडेच न्यायचे (बाबांना दुसरी मुंबई माहीतच नव्हती बहुतेक). आणि एक नियम ठरलेला, चुकामूक झाली तर रडायचं नाही, कोणाला काही विचारायचं नाही, वर तो धनुष्यवाला दिसतो ना त्याच्याकडे बघत चालत सुटायचं आणि त्याच्या पायाशी उभं राहायचं. धनुष्यवाला म्हणजे एअर इंडियाचं जुनं चिन्ह, अर्धा घोडा अर्धा माणूस, बाण ताणलेला. मी चालत गेले, उभी राहिले, वॉचमनकाकांनी स्टुलावर बसवून पाणी दिलं आणि अर्ध्या तासात घामाघूम बाबा आले. आमच्या घरात तोवर विमानात कोणी पाऊलसुद्धा ठेवलं नव्हतं हां, तरी ती बिल्डिंग आमची होती.

तर "हीच का" म्हणणाऱ्यांनो, २३ मजली इमारत आहे ती, १९७४ साली पुरी झाली. डिझाइन न्यूयॉर्कच्या जॉनसन-बर्जी फर्मच्या जॉन बर्जींचं. याच जोडीने पुढे १९८४ मध्ये न्यूयॉर्कला एटी अँड टीची ती माथ्यावर जुन्या लाकडी कपाटासारखी खाच असलेली बिल्डिंग केली, जगभर वाद झाला तिच्यावरून. आपली त्यामानाने गरीब, पांढरट, ताठ, उगाच नखरा नाही, पण समुद्राकडून बघा, किनारा वळतो तिथे टोकाला कशी उभी आहे. आजूबाजूच्या काचेच्या डब्यांचं एक तरी नाव सांगता येतं का कोणाला? दगडाची नाही, कोरीवकाम नाही, हेरिटेज वगैरे म्हणायला जीभ रेटत नाही हे मान्य. बरं मग?

आणि जमीन! ती जमीनच मुळी समुद्र मागे ढकलून केलेली. त्या भरावाच्या, म्हणजे बॅकबे रेक्लमेशनच्या कामातला इंग्रजांचा गैरकारभार ज्या खुर्शेद नरिमननी चव्हाट्यावर आणला, त्यांचंच नाव या भागाला लागलं, आणि पुढे तिथलीच ऑफिसं देशातल्या महागड्या ऑफिसांत गेली. मुंबईलाच जमतं हे असलं.

मग २०१३ मध्ये एअर इंडियाने मुख्यालय दिल्लीला हलवलं, इथले मजले भाड्याने गेले. २०२२ मध्ये कंपनी परत टाटांकडे गेली, पण बिल्डिंग त्या सौद्यात नव्हती, ती सरकारकडेच राहिली, म्हणजे लेक सासरी आणि घर भाडेकरूंना. शेवटी राज्य सरकारने १६०१ कोटींना घेतली, केंद्राने २०२४ च्या मार्चमध्ये होकार दिला. २०१२ ला मंत्रालयाला आग लागल्यापासून खाती इकडेतिकडे विखुरलीत, त्यांना जागा हवी, हे मला कळतं. बिल्डरच्या घशात जाण्यापेक्षा शंभर पटीने बरं, हेही कळतं. फक्त आत जुनाट फायली आणि जिन्यात पानाच्या पिचकाऱ्या दिसायला लागल्या ना, तर मी स्वतः जाऊन भांडेन.

भाच्याला हे सगळं बोलले चहा पिताना. तो ऐकत होता बिचारा, मोबाइल खाली ठेवून. मग म्हणाला, "तू हरवलीस तेव्हा आजोबा ओरडले नाहीत?" नाही ओरडले. उलट वॉचमनकाकांना म्हणाले, बघा, शिकवलेलं लक्षात ठेवलं पोरीने.

त्याला एक सांगितलं नाही. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी आधी स्टॉक एक्स्चेंजला स्फोट झाला, मग थोड्या वेळाने इथे, गाडीत ठेवलेला बॉम्ब. एकट्या या ठिकाणी २० माणसं गेली. बाबा रात्री अकराला घरी आले, चालत. शर्टावर पांढरी धूळ, खिशात काचेचे बारीक तुकडे, आईने शर्ट झटकला तेव्हा फरशीवर आवाज झाला त्यांचा. काय बघितलं ते कधीच बोलले नाहीत. वॉचमनकाकांचं मी विचारलं होतं, तेव्हा उठून गॅलरीत गेले.

त्यानंतर मरीन ड्राइव्हला गेलो ते चार-पाच महिन्यांनी. मी एव्हाना चौदा वर्षांची घोडी, हरवणार कसली, पण उतरल्या उतरल्या बाबा म्हणाले, "चुकामूक झाली तर तारापोरवाला मत्स्यालयापाशी थांब." बास, एवढंच. धनुष्यवाल्याचं नाव नाही.

आज भाचा गेल्यावर तिथूनच फोन लावला त्यांना. आता ऐंशी पार आहेत, ऐकू कमी येतं, म्हणून जवळपास ओरडूनच सांगितलं, बाबा, एअर इंडियाखाली उभी आहे. जरा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "तिथे कशाला थांबलीस, पुढे हो ना जरा."