सांगलीचा मुलगा गे कसा असेल?

२०२३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयात समलिंगी विवाहाची सुनावणी चालू होती, तेव्हा सांगलीहून मामांचा फोन आला. मी गे आहे हे सांगितल्यापासून आठ वर्षं त्यांनी हा विषय काढला नव्हता. त्या दिवशी म्हणाले, "तू इकडेच राहिला असतास तर असलं काही झालं नसतं. आपल्या मातीत हे नाही." त्याच महिन्यात केंद्र सरकारनेही न्यायालयाला सांगितलं होतं, की या याचिका म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार आहेत.

मामांना मी काही बोललो नाही. नववीत असताना ते मला आयर्विन पुलाजवळ पोहायला न्यायचे. मला माझं तेव्हाच कळलं होतं, आणि तोवर मी मुंबईसुद्धा पाहिली नव्हती.

इथे न्यू जर्सीत २०१३ पासून आम्हांला लग्न करता येतं. मी केलंही. तरी एका जेवणाच्या वेळी शेजारच्या गोऱ्या गृहस्थांनी अगदी आपुलकीने विचारलं, "तुम्हा भारतीयांमध्येही असतात का असे लोक?" त्यांच्या मनातला गे माणूस गोरा होता आणि भारतीय माणूस बायकोमुलांत रमलेला. या दोन चित्रांत मला जागाच नव्हती.

अशी चित्रं ख्रिस्तोफर पेट्स्को आणि गॅलन बोडनहाउझेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तपासली. त्यांचा अभ्यास २०१९ मध्ये आला. कृष्णवर्णीय पुरुषाला लोक जी ठरावीक विशेषणं लावतात, त्यांतली बरीच तो गे आहे म्हटल्यावर गळून पडतात. तो लोकांना जास्त 'गोरा' वाटू लागतो. म्हणजे गे म्हणून ओळख मिळते तेव्हा वंशाची ओळख पुसट होते.

आशियाई पुरुषाच्या वाट्याला वेगळंच आलं. १८७५ च्या कायद्याने चिनी स्त्रियांचं अमेरिकेत येणं जवळपास थांबलं, १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांनाही दार बंद झालं. खाणीतून आणि इतर कामांतून हुसकावलेले कितीतरी पुरुष कपडे धुण्याकडे, स्वयंपाकाकडे वळले आणि 'बायकी' ठरले. त्या शिक्क्याला दीडशे वर्षं होत आली. डेटिंग अ‍ॅपवर 'आशियाई नकोत' असं लिहिलेलं मी स्वतः वाचलंय, आणि ते लिहिणारेही गेच होते.

आपल्याकडेही साहेबाने हेच केलं. मेकॉलेने बंगाली पुरुषाला बायकी म्हणून हिणवलं, पुढे सैन्यभरतीसाठी 'लढाऊ वंश' वेगळे काढले गेले. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलमही १८६० च्या इंग्रजी दंडसंहितेतलं. मामा ज्याला परदेशी म्हणतात ते इथलं आहे; परदेशी होती ती शिक्षा.

आम्ही उच्चभ्रू आहोत या आरोपात एक सल खरी आहे. आमच्या चळवळीत इंग्रजी बोलणारे, वरच्या जातींतले चेहरे पुढे राहिले. दलित क्वीअर, म्हणजे दलित समलिंगी आणि ट्रान्स, कार्यकर्ते हे सांगत आले आहेत आणि ते ऐकून घ्यायला आम्ही फार वेळ लावला. पण मंचावर कोण दिसतं यावरून गावात कोण राहतं हे ठरवता येत नाही. मध्य प्रदेशातल्या लीला आणि उर्मिला या दोन पोलीस शिपाई. १९८७ मध्ये त्यांनी एकमेकींशी लग्न केलं आणि दोघींची नोकरी गेली. त्यांना उच्चभ्रू कुठल्या हिशेबाने म्हणायचं?

ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायालयाने विवाहाचा हक्क नाकारला, त्याचं दुःख अजून आहे. पण समलैंगिकता ही शहरांची किंवा श्रीमंतांचीच गोष्ट नाही, असं सरन्यायाधीश चंद्रचूड यांनी त्याच निकालात लिहिलं. ते पान मी छापून ठेवलंय.

दिवाळीला सांगलीला जातोय. मामांना घेऊन एकदा आयर्विन पुलावर जायचंय. नववीतला मुलगा पाण्यात उतरताना काय लपवत होता, ते त्यांना तिथेच सांगेन.